पणजीच्या वेशीवरची मानस आणि दिल्लीतला आराखडा

ताई, तुम्ही पणजीला खेटून असलेल्या एका पंचायतीवर पहिल्यांदाच निवडून आला आहात. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दर पावसाळ्यात तुमच्या वाड्यावर गुडघाभर पाणी येतं. पंचायत म्हणते नाला जलस्रोत खात्याचा. खातं म्हणतं तो तुंबतो महापालिकेच्या हद्दीत. महापालिका म्हणते, शेतात भराव पडला तो पंचायतीच्या परवान्यावर. हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा २००८ पासून आहे, राज्याचाही तयार आहे. मग या सगळ्यात पंचायतीने करायचं काय आणि कोणाच्या दारात जायचं?

सव्वीस वर्षं मी नगर नियोजनाच्या कामात आहे, त्यातली बरीचशी गोव्यातल्या नाल्या-बांधांवर गेली. त्या अनुभवावरून सांगते, धोरणाकडे नंतर येऊ, आधी तुमचा नाला बघू.

पणजीतली सांतिनेजची खाडी घ्या. ती ताळगावच्या बाजूने शेतांतून, मग वस्तीतून वाहत शहरात शिरते आणि कांपालजवळ मांडवीला मिळते. वरचा भाग पंचायतीत, खालचा महापालिकेत. मांडवी २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ६८ झाली, म्हणजे तिथे केंद्राचंही चालतं. काठाचा पट्टा किनारी नियमन क्षेत्रात (सीआरझेड). खारफुटीला हात लावायचा तर वन खातं. रस्त्याखालची मोरी रस्ता ज्याचा त्याची. पाणी मात्र वरपासून खालपर्यंत एकच असतं.

आता भरतीचं गणित बघा. दिवसातून दोनदा भरती येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला नदीची पातळी नाल्याच्या तोंडाच्या वर चढते. त्याच तासात मुसळधार कोसळला तर नाल्यातलं पाणी बाहेर पडू शकत नाही, ओहोटी लागेपर्यंत त्याला कुठेतरी थांबावं लागतं. पूर्वी ते शेतात थांबायचं, शेतं त्यासाठीच सखल ठेवलेली असत. आता त्या जागी भराव, संरक्षक भिंत आणि त्यावर इमारत आहे. जगभरच्या समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. ऐकायला वीतभरच वाटतं. पण ज्या मोरीचा तळ नदीपेक्षा जेमतेम हातभर उंच आहे, तिथे एका वितीने ओहोटीत निचऱ्याला मिळणारा वेळ कमी होतो, आणि दर उधाणाला कमी होतो. हवामान बदल तुमच्या वाड्यावर या वाटेने येतो. म्हणून मी नेहमी म्हणते की हा विषय आधी निचऱ्याच्या वेळापत्रकाचा आहे.

अधिकारांची घडण समजली की अर्धा संताप कमी होतो आणि उरलेला योग्य ठिकाणी वापरता येतो. राज्यघटनेच्या याद्यांत ‘हवामान’ नावाचा विषय कुठेच नाही. पाणी आणि जमीन राज्याकडे. जंगल १९७६ च्या दुरुस्तीनंतर केंद्र आणि राज्य दोघांकडे. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा केंद्राचा, आणि किनारी नियमनाच्या अधिसूचना त्याखालीच निघतात. ७४व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी १८ विषयांची अनुसूची जोडली, त्यात नगर नियोजन आहे, जमीन वापर आहे, पाणीपुरवठा आहे, पर्यावरण रक्षणही आहे. पण ते विषय द्यायचे की नाही हे राज्यावर सोडलं. गोव्यात त्यातलं खरोखर खाली किती आलं? वीज राज्याच्या खात्याकडे आणि तिचे दर संयुक्त वीज नियामक आयोगाकडे. नळाचं पाणी राज्याकडे. बसगाड्या राज्याच्या कदंब परिवहन महामंडळाकडे. जमीन वापर १९७४ च्या नगर आणि ग्राम नियोजन कायद्याखाली नगर नियोजन खात्याकडे आणि नियोजन व विकास प्राधिकरणांकडे. पणजीच्या महापौरांनी कितीही मनावर घेतलं तरी शहरातल्या एका तुकड्याचा झोन त्यांना स्वतःच्या सहीने बदलता येत नाही आणि कोणी बदलला तर थांबवताही येत नाही.

गोव्यात आणखी एक अडचण आहे आणि ती तुमच्या अगदी दाराशी आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या नागरी आहे. पण महापालिका एकच, पणजीची, नगरपालिका तेरा. पणजी महापालिकेच्या हद्दीत त्या वर्षी लोक होते ४०,०१७, आणि पणजीचा सलग वाढलेला नागरी पट्टा मोजला तर आकडा लाखाच्या वर जात होता. म्हणजे शहराचा मोठा भाग कागदावर पंचायतींत राहतो. ताळगाव, मेरशी, सांताक्रूझ, पर्वरीच्या बाजूची गावं, ही जनगणनेला शहरं वाटतात आणि कायद्याला गावं. ‘पणजीचा हवामान आराखडा’ असं कोणी म्हणतं तेव्हा मी पहिल्यांदा विचारते, कोणती पणजी? तीस प्रभागांची की पाण्याची? पाण्याची पणजी तुमच्या पंचायतीला धरून सुरू होते.

नेमकं कुठे अडतं ते एका खाजनावरच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीवरच्या, पाहणीतून सांगते. काही वर्षांपूर्वी मी उत्तर गोव्यातल्या एका बांधावर गेले होते. मे महिना, ओहोटीची वेळ. मानस म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण शहरातल्या वाचकांसाठी: बांधात बसवलेलं चिरेबंदी दार, त्याला लाकडी झडपा. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने झडप बाहेर उघडते आणि शेतातलं पाणी निघून जातं. भरतीला नदीच्या दाबाने तीच झडप घट्ट मिटते आणि खारं पाणी आत येत नाही. वीज नाही, मोटार नाही. त्या दिवशी डाव्या झडपेची खालची फळी कुजलेली होती. बोट घातलं तर भुसा हातात येत होता. त्या फटीतून भरतीला पाणी आत उसळत असे आणि मागच्या पोंयेत, म्हणजे दाराआतल्या खोलगट तळ्यात, साचून राहत असे. पोंय आधीच भरलेली असल्याने पावसाचं पाणी थेट वस्तीकडे सरकत होतं.

पाहणीला सहा खात्यांची माणसं आली होती. बांध कूळ संघटनेचा, तिच्या हिशेबावर देखरेख मामलेदाराची. दुरुस्तीचं अंदाजपत्रक कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाने करायचं. बाहेरचा गाळ जलस्रोत खात्याने काढायचा. गाळात खारफुटीची रोपं उगवलेली, म्हणून वन खात्याचं पत्र हवं. दगडी काम नव्याने करायचं तर किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी. आणि पंचायत निमंत्रित म्हणून उभी. कोणीच काम टाळत नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. प्रत्येकाने आपल्या कागदापुरतं बरोबरच सांगितलं. त्या घोळक्याच्या मागे मानशीवर मासेमारीची पावणी, म्हणजे लिलावात पैसे भरून मिळणारा हक्क, घेतलेला माणूस उभा होता. त्याला मी विचारलं, झडप कधी उघडी ठेवता? तो म्हणाला, ‘भरतीबरोबर मासळी आत येऊ द्यावी लागते बाई, नाहीतर पावणीचे पैसे कसे सुटणार?’ म्हणजे ज्याच्या हातात रोज दार असतं, त्याचं पोट पाणी आत घेण्यावर होतं, आणि ज्यांच्या घरात पाणी शिरतं त्यांचा त्या पावणीच्या करारात उल्लेखही नव्हता. राज्याच्या आराखड्यात खाजनांचं रक्षण असं लिहिलेलं असतं. ते खरं करायचं असेल तर पावणीच्या करारात एक ओळ लागते: मुसळधार पावसाचा इशारा आला की आधीच्या ओहोटीला पोंय रिकामी करायची आणि इशारा उठेपर्यंत खारं पाणी आत घ्यायचं नाही. तो करार कूळ संघटना करते. त्याला ना दिल्ली लागते ना पर्वरीचं सचिवालय.

फळी दोन पावसाळे बदलली नाही. शेवटी बदलली ती जिल्हाधिकाऱ्यांच्या मान्सूनपूर्व बैठकीच्या इतिवृत्तात त्या मानशीचं नाव, अधिकाऱ्याचं नाव आणि तारीख अशा तीन गोष्टी एका ओळीत आल्या तेव्हा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात जिल्हा प्राधिकरणाचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात आणि कलम ३३ खाली त्यांना वेगवेगळ्या खात्यांना कामाला लावता येतं. पंचायत, पालिका आणि खाती यांना एका टेबलाशी बसवायचा अधिकार ज्या मोजक्या खुर्च्यांना आहे, त्यातली ही तुमच्या सर्वांत जवळची. तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हेच: दार ठोठवायचं ते इथे, आणि एप्रिलमध्ये. जूनमध्ये गेलात तर तिथे सगळे वाळूच्या पिशव्या मोजत असतात.

वरच्या आणि खालच्या पातळ्या एकमेकींना चांगल्या जोडल्या की काय होतं ते अहमदाबादने दाखवलं. २०१० च्या मे महिन्यात तिथे उष्णतेने फार माणसं गेली. २०१३ मध्ये महापालिकेने उष्णता कृती आराखडा केला. त्याचं बलस्थान साधं आहे: हवामान खातं तापमानाचा अंदाज देतं, ठरावीक आकडा ओलांडला की महापालिकेतला एक ठरलेला अधिकारी पुढचे फोन करतो, आणि दवाखाने, पाणी, शाळा यांना त्या रंगाच्या इशाऱ्याला काय करायचं हे आधीच माहीत असतं. केंद्राने शास्त्र दिलं, शहराने माणसं दिली, आणि मध्ये कोणाची फाईल थांबली नाही.

गोव्यात हे उधाणाच्या पावसासाठी करता येतं. भारतीय हवामान खात्याचं केंद्र पणजीतच आहे आणि ते नारिंगी, तांबडा इशारा देतं. समुद्राच्या स्थितीचे आणि उंच लाटांचे इशारे हैदराबादहून केंद्राचीच महासागर माहिती सेवा देते. भरतीच्या वेळा वर्षभर आधी छापून मिळतात. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून आहे, तीही दोना पावलाला, तुमच्यापासून काही किलोमीटरवर. माहितीची कमतरता नाही. साखळी तुटते ती शेवटच्या दोन कड्यांपाशी. इशारा जिल्हा नियंत्रण कक्षात येतो, तिथून तालुक्याला, तिथून पंचायत सचिवाला. मानशीवरच्या माणसापर्यंत तो येतच नाही, आणि आला तरी इशाऱ्याच्या रंगाबरोबर भरतीची वेळ लिहिलेली नसते. मध्यरात्रीच्या सुमारास उधाण असेल तर आदल्या संध्याकाळच्या ओहोटीला दार उघडायला हवं. ही एक ओळ त्या संदेशात घातली तर कितीतरी घरांत पाणी शिरणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

पैशांबद्दल थोडक्यात. हवामानासाठी वेगळा निधी शोधत बसू नका. १५व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या अनुदानात पंचायतींचे ६० टक्के पैसे पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते आणि त्यात पावसाचं पाणी साठवण्याची कामं बसत होती. बहुतेक ठिकाणी त्यातून पेव्हर बसले, गटारांना झाकणं आली. निचऱ्याचं काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात नावानिशी, सर्व्हे क्रमांकासह लिहिलं नसेल तर कोणतंही अनुदान आलं तरी ते दुसरीकडेच जातं. स्वयंपूर्ण मित्र, म्हणजे राज्याने पंचायतींसाठी नेमलेले अधिकारी, तुमच्या पंचायतीत येतात ना? त्यांच्या यादीत सरकारी योजनांचे लाभार्थी असतात, त्याच यादीत तुमची मानस टाका. खात्यांना जोडायला नेमलेला अधिकारी आयताच पंचायतीत येऊन बसतो, त्याचा उपयोग करा.

मुंबई का करू शकली, असंही तुम्ही विचारलं होतं. मुंबईने मार्च २०२२ मध्ये स्वतःचा हवामान कृती आराखडा काढला आणि २०२४ मध्ये अर्थसंकल्पातल्या हवामानविषयक खर्चाचा वेगळा अहवाल दिला. तिथे पाणी, मलनिस्सारण, पर्जन्य वाहिन्या, रुग्णालयं महापालिकेचीच आहेत, बससेवाही तिच्याच उपक्रमाची. पणजीने तोच आराखडा उतरवून काढला तर अर्धी पानं दुसऱ्या खात्यांना विनंती करण्यात जातील. आपल्याला जवळचा नमुना महाराष्ट्राचाच दुसरा आहे: ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेलं माझी वसुंधरा अभियान. त्यात राज्याने नगरपालिका आणि ग्रामपंचायतींना पंचतत्त्वांवर गुण दिले, बक्षिसं दिली. गुणांच्या स्पर्धेत रंगरंगोटी वाढते ही माझी तक्रार आहे. तरीही छोट्या गावाच्या सरपंचाला राज्याच्या टेबलाशी थेट जागा मिळाली, ही त्यातली घेण्याजोगी गोष्ट. गोव्यात १९१ पंचायती आहेत, राज्याने मनावर घेतलं तर प्रत्येकीची एक मानस, एक तळं, एक नाला मोजणं अवघड नाही.

आता तुमच्या हातातल्या अधिकारांबद्दल. तुम्ही ‘पंचायतीला कोण विचारतं’ असं लिहिलं आहे, आणि तिथे मी तुमच्याशी सहमत नाही.

१९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ खाली बांधकाम परवाना पंचायत देते. नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी त्याआधी येते, म्हणून पंच मंडळी समजतात की आपण नुसते शिक्के मारणारे. तसं नाही. परवान्यासोबत निचऱ्याची अट घालता येते, जुनी पाणवाट नकाशावर दाखवा असं लेखी मागता येतं, आणि अट मोडली तर काम थांबवण्याची नोटीस देता येते. सखल जमिनीत भराव घालायला किंवा डोंगर कापायला नगर नियोजन कायद्याच्या कलम १७अ प्रमाणे आधी परवानगी लागते. ट्रक दिसला त्या दिवशी तक्रार गेली पाहिजे, कारण भराव पडला की तो निघत नाही. कुळाच्या शेतजमिनीचा बिगरशेती वापर १९९१ च्या कायद्याने रोखलेला आहे. आणि किनारी नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे, त्यात खाजनांच्या रक्षणाचं स्पष्ट लिहिलं आहे. किनारी क्षेत्राचे नकाशे जनसुनावणीला येतात तेव्हा तुमचं खाजन त्यावर खाजन म्हणूनच रंगवलंय का, हे बघायला पंचायतीने माणूस पाठवायलाच हवा. नकाशात ते चुकून नुसती ‘मोकळी जागा’ झालं तर पुढची वीस वर्षं भांडत बसावं लागतं.

शिवाय तुमच्याकडे ग्रामसभा आहे. शहरात ती नाही. घटनेने प्रभाग समित्या तीन लाखांवरच्या शहरांनाच बंधनकारक केल्या आणि पणजी त्या आकड्याच्या जवळपासही नाही. म्हणजे सांतिनेजच्या खाडीकाठी राहणाऱ्या पणजीकराला आपल्या नाल्याबद्दल ठराव घ्यायला कायद्याने जागाच नाही, ती तुम्हाला आहे. जैवविविधता व्यवस्थापन समितीही २००२ च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत असते. पोंयेतली मासळी, कोरगुट या खाऱ्या जमिनीतल्या भाताची शेतं, खारफुटी यांची नोंद लोक जैवविविधता नोंदवहीत घाला. पुढे वाद उभा राहिला तर तो कागद कामाला येतो.

महापालिकेशी जोडून घ्यायची एक नवी वाट आहे. आपत्ती व्यवस्थापन कायद्याला २०२५ मध्ये दुरुस्ती झाली आणि राज्यांच्या राजधान्यांसाठी, महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद आली. पणजी राजधानी आहे, तेव्हा हे लागू होण्यासारखं आहे. धोका असा की ते प्राधिकरण महापालिकेच्या हद्दीशीच थांबेल आणि वरून येणारं पाणी पुन्हा कोणाचंच राहणार नाही. म्हणून तुमची पंचायत आणि शेजारच्या पंचायती यांनी आत्ताच लेखी मागणी करावी, की त्याची हद्द पाणलोटाप्रमाणे धरा, आणि वरच्या पंचायतींना त्यात बसवा. नियम ठरायच्या आधी मागितलेलं मिळण्याची शक्यता जास्त असते.

वीज, इलेक्ट्रिक बस, कचरा याबद्दलही तुम्ही विचारलंय. कचरा तुमच्याच हातात आहे, ओला-सुका वेगळा करण्यात कसूर नको, कारण गटारात अडकणारं प्लास्टिक आणि तुंबलेली मोरी ही एकाच दिवसाची गोष्ट असते. वीज आणि बस राज्याचं काम, त्यासाठी आमदारांना गाठा. पंचायतीची ताकद तिथे खर्च करू नका.

सुरुवात अशी करा. येत्या पौर्णिमेला भरतीच्या वेळी, पाऊस असो नसो, वाड्यावरच्या दोन-तीन जुन्या शेतकऱ्यांना आणि पावणीवाल्याला घेऊन नाल्याच्या कडेने नदीपर्यंत चालत जा. पाणी कुठपर्यंत मागे येतं तिथे भिंतीवर चुन्याने खूण करा, बाजूला तारीख आणि वेळ लिहा. मोरी लागली की तिची रुंदी टेपने मोजा, रस्ता कोणाचा ते विचारून वहीत लिहा. भराव दिसला तर सर्व्हे क्रमांक लिहा. ओहोटीला परत या आणि पाणी उतरायला किती वेळ लागला तो टिपा. अमावास्येला हेच पुन्हा करा. तीन-चार उधाणांची अशी वही घेऊन एप्रिलमध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडे जा, महापालिकेच्या आयुक्तांनाही त्याच बैठकीला बोलावण्याची लेखी विनंती करा, आणि इतिवृत्तात मानशीचं नाव आलं का ते वाचून बघितल्याशिवाय तिथून उठू नका. वहीतल्या मोजमापांवरून मोरी किती मोठी हवी याचं गणित करायला अडलं तर मला पाठवा, मी करून देईन.